सव्वीस खिडक्या

फोन आला तेव्हा लवू सोल्डरची तार कानशीवर घासत बसला होता. खाली जुन्या कॅलेंडरचं गुळगुळीत पान पसरलं होतं आणि त्यावर करडी भुकटी पडत होती. चमचाभर भुकटी जमवायला अर्धा दिवस जातो. त्याची पाऊण चमचा झाली होती.

फोन शेजारच्या आनंदीबाईच्या खानावळीत होता. लवूसाठी कुणाचा फोन आला की ती मधल्या कुडाच्या भिंतीवर डाव आपटायची आणि ‘लवूऽ’ म्हणून अशी ओरडायची की भरड नाक्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यालाही कळायचं, लवूला फोन आलाय. त्या दिवशी ती ओरडली नाही. स्वतः दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. हातात डाव तसाच होता.

“घाटावरसून फोन आसा रे,” ती म्हणाली. “महादू बोलता.”

महादू हा लवूचा मेव्हणा, मथुराचा धाकटा भाऊ. इस्पितळात तिच्याजवळ तोच राहिला होता. लवूने लेंग्याला हात पुसले आणि तो गेला.

“भावजी,” महादू म्हणाला, “अक्का गेली. सकाळी सात वाजता.”

“बरा,” लवू म्हणाला. फोनवर कुणी काहीही सांगितलं की ‘बरा’ म्हणायची त्याला सवय होती. मग आपण काय बोललो ते त्याला कळलं. “येतंय मी,” एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

दुकानात परत आल्यावर त्याने आधी कॅलेंडरचं पान दोन्ही बाजूंनी उचललं, भुकटी डबीत ओतली आणि झाकण घट्ट लावलं. वाऱ्याने उडाली असती. मग कपडे बदलून तो एसटी स्टँडवर गेला. बायको गेल्याचं ऐकून आलेला माणूस आधी भुकटी सांभाळतो, याची त्याला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. पण ती भुकटी मथुराच्या कानासाठी होती, आणि फोन येईपर्यंत त्या घरात त्या कानाइतकं महत्त्वाचं दुसरं काही नव्हतं.

ही अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलमधली गोष्ट.

मथुराला ऐकू येईनासं झालं त्याला तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं. आधी छातीचं दुखणं. त्यावर रोज एक इंजेक्शन, असं तीन महिने. खोकला कमी झाला, थुंकीतलं रक्त थांबलं, आणि त्याच सुमाराला तिला स्वतःच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू येईनात. मग पाखरं गेली. मग माणसं. डॉक्टर म्हणाले, या इंजेक्शनांनी कुणाकुणाचं होतं असं, यंत्र लावून बघा, थोडंफार येईल.

यंत्र आणलं. काड्यापेटीपेक्षा मोठी एक पेटी, ती गळ्यात अडकवायची, तिची वायर पदराखालून कानात. मथुराने चार दिवस लावलं आणि पाचव्या दिवशी काढून ट्रंकेत टाकलं.

“माका माझोच पदर ऐकाक येता खसखस, लोकांचा कायएक नाय,” ती म्हणाली. “आणि गळ्यात रेडिओ बांधून बाजारात जाव? लोक माका बातम्यो विचारतले.”

लवू हसला. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून तो टोमणा त्यालाही होता.

“अवो, बारीक असा काय जमना नाय?” तिने विचारलं. “माझ्या अंबाड्यात बसात असा? वळेसराखाली कोणाक दिसूचा नाय.”

मथुरा रोज अबोलीचा वळेसर माळायची. दुखण्यातही तिने तो चुकवला नाही. लवूने दोन बोटांनी तिच्या अंबाड्याचं माप घेतलं. रुपयाच्या नाण्याएवढी सर्किटची पट्टी बसली असती, त्याहून मोठी नाही. तेवढ्या पट्टीवर माइक, तीन ट्रान्झिस्टर आणि बाकीचे सगळे पार्ट बसवायचे. मालवणात मिळणारे पार्ट घेतले तर पट्टी बशीएवढी झाली असती.

ती अडचण गुरुदासने सोडवली. गुरुदास मथुराच्या बहिणीचा मुलगा, मुंबईला इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात होता. सत्त्याऐंशीच्या चतुर्थीला गावी आला तेव्हा त्याने काड्यापेटीत कापूस घालून बारीक पार्ट आणले. तांदळाच्या कणीएवढे. त्यांना भोकात घालायला लांब पाय नव्हते, ट्रान्झिस्टरला तेवढे आखूड चपटे पाय. पट्टीवरच्या तांब्यावर नुसते ठेवायचे आणि चिकटवायचे. लवूने आपली सोल्डरिंगची कांडी जवळ नेऊन पाहिली. तिचं टोक तीन पार्टांएवढं होतं.

“कांडयेन नाय जमाचा, काका,” गुरुदास म्हणाला. “आमच्याकडे पातळ पत्र्याक बारीक खिडक्यो पाडतत. पत्रो पट्टयेर ठेवतत आणि वरसून सोल्डरचा मलम फासतत. पत्रो उचललो की खिडकयेखाली तेवढोच मलम रवता. त्येच्यार पार्ट ठेवन तापवतत.”

“असो पत्रो हय खंय गावतलो?”

“हय? हय नाय गावाचो.”

मथुरा दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. “काय म्हणता तो?” तिने विचारलं. लवूने हातवारे करून दाखवलं. वर ठेवायचं, फासायचं, उचलायचं.

“म्हणजे रांगोळयेचो छाप!” ती म्हणाली. “इतक्याक मुंबय कशाक व्हयी?”

ती उठली आणि ट्रंकेतून मोठी खाकी पाकिटं घेऊन आली. त्यांत तिच्या छातीचे एक्स-रे होते, पाच. एक तिने बोटांनी वाकवून पाहिला, नखाने टिचकी मारून पाहिला.

“ह्येचो छाप बरो होतलो,” ती म्हणाली. “फाटाचो नाय आणि भिजाचो नाय.”

अशी त्या घरात सुरुवात झाली. लवू आलेखाच्या कागदावर नकाशा काढायचा आणि मथुरा तो फिल्मवर ठेवून सुईने टोचून घ्यायची. मग दाढीच्या पात्याचा तुकडा बांबूच्या चिपेत बसवून ती एकेक खिडकी कापायची. सव्वीस खिडक्या, प्रत्येक भाताच्या दाण्याच्या अर्ध्याएवढी. देवळात उत्सवाला रांगोळी घालायला तिला बोलवायचे, तो हात होता. कापताना ती श्वास रोखून धरायची आणि खिडकी झाली की सोडायची. एकदा लवूने एक खिडकी कापून बघितली. ती म्हणाली, “तुमी हात लावू नकात. तुमच्या हातान खिडकी नाय, दरवाजो जाता.”

मलम लवूने घरीच केलं. सोल्डरची भुकटी, होडीवाल्यांकडून आणलेली राळ स्पिरिटमध्ये विरघळवून, आणि एरंडेलाचा थेंब. घोटायला त्याने पाट्याकडे पाहिलं मात्र, मथुरा मध्ये उभी राहिली. “माझ्या पाट्यार ह्या वाटलात तर मी तुमका वाटीन.” मग त्याने ते काचेच्या तुकड्यावर चाकूने घोटलं. तापवायला लोखंडी तव्यावर समुद्राची वाळू, खाली स्टोव्ह. वाळूवर पट्टी ठेवली की मलम आधी करडं राहायचं, नंतर मऊ व्हायचं आणि एका क्षणी सगळे ठिपके एकदम चमकायचे. पट्टी तेव्हाच उचलायची. मथुराला ते बघायला फार आवडायचं.

छाप दोन लागत. पहिल्यातून तांब्यावर रंग लावायचा, म्हणजे आम्लाने बाकीचं तांबं खाऊन रंगाखालच्या रेषा राहतात. दुसऱ्यातून मलम. दोन्ही छाप उलटे ठेवले तर सगळंच उलटं होणार, आणि काळ्या फिल्मची सुलट बाजू कुठली हे बघून कळत नाही. म्हणून मथुराने दोन्ही छापांच्या वरच्या बाजूला कुंकवाचा टिपका लावला. “कुंकू आपल्याकडे बघूक व्हया,” ती म्हणाली. “येवढा ध्यानात ठेवा.”

एक संध्याकाळ लवूला नेहमी आठवते. ती कापत होती आणि तो समोर बसला होता. ती मान वर न करता म्हणाली, “कान लावल्यार माका पयला काय बोलतलात?”

तिने वर बघेपर्यंत थांबून तो म्हणाला, “हॅलो.”

“हॅलो म्हणाक मी काय टेलिफोन आसंय? माझा नाव घेवा. लग्नात उखाण्यात घेतलात, त्येच्यानंतर घेवक नाय.”

खरं होतं. बावीस वर्षं तो तिला ‘गो’ म्हणत आला होता. पोरबाळ नव्हतं, त्यामुळे अमक्याची आई म्हणूनही हाक मारता येत नव्हती. घरात दोघंच, तेव्हा ‘गो’ म्हटलं की पुरायचं. त्या काळी त्यांच्यात बायकोचं नाव कुणी घेतही नसे. ती ऐकत होती तेव्हा त्याला कधी वाटलं नाही की घ्यावं. ऐकू येईनासं झाल्यावर वाटायला लागलं. एकदा ती पाठमोरी बसून बांगडे साफ करत असताना तो दारातून हळूच म्हणाला होता, “मथुरा.” ती वळली नाही. सुटलो असं त्याला वाटलं, आणि वाईटही वाटलं.

जानेवारीत पहिली पट्टी तयार झाली. त्याआधी एका जुन्या तुकड्यावर रंग आणि मलम दोन्ही लावून बघितलं होतं आणि छाप बरबटले होते. लवूने ते स्पिरिटच्या बोळ्याने स्वच्छ पुसून वाळत ठेवले. दुसऱ्या दिवशी खरी पट्टी केली. दोन्ही छाप पट्टीवर बरोबर बसले, पार्ट बसले, ठिपके चमकले.

मथुराने त्या दिवशी न्हाऊन नवा वळेसर माळला. लवूने पट्टी तिच्या अंबाड्यात खोवली, बारीक वायर कानामागून आणली, कानात बोंडी बसवली. मग तो समोर उभा राहिला. घसा साफ केला.

“मथुरा,” तो म्हणाला.

तिचा चेहरा फुलला. “नाव घेतलात,” ती म्हणाली. “ता दिसला.” मग म्हणाली, “ऐकाक येवक नाय.”

ती उठून पाठमोरी उभी राहिली. “आता घेवा.”

त्याने घेतलं. परत घेतलं, मोठ्याने. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने की पलीकडे आनंदीबाईच्या खानावळीतली माणसं बोलायची थांबली. मथुरा तशीच उभी होती. एक हात अंबाड्यावर, मान जरा तिरकी. मग ती वळली.

“घेतलात?”

“घेतलंय.”

“बरा,” ती म्हणाली, आणि तिने बोंडी काढून त्याच्या हातावर ठेवली.

चूक सापडायला दोन दिवस लागले. लवूने कागदावरचा नकाशा आणि पट्टी शेजारी शेजारी ठेवली तेव्हा दिसलं. पट्टी आरशात बघितल्यासारखी उलटी झाली होती. स्पिरिटने मलम गेलं, रंग गेला, आणि कुंकूही गेलं होतं. त्याने पहिला छाप उलटा ठेवला होता. दुसरा सुलट ठेवला तेव्हा बसेना, म्हणून तोही फिरवून ठेवला. मग दोन्ही एकमेकांना जुळले आणि त्याला शंका आली नाही. बाकीच्या पार्टांचं तेवढ्याने काही अडत नव्हतं, पण तिन्ही ट्रान्झिस्टरचे पाय नको तिथे पडले होते.

कसं सांगावं हे त्याला कळेना. शेवटी त्याने कोरा छाप तिच्यापुढे धरला आणि जिथे टिपका असायचा तिथे बोट ठेवलं. तिला लगेच समजलं. लवूचा चेहरा बघून तिला हसू आलं.

“फिल्मचा कुंकू पुसल्यात,” ती म्हणाली. “माझा आसा हय.” आणि स्वतःच्या कपाळावर बोट आपटून दाखवलं.

एकदा तापवून बसवलेले पार्ट ओढून काढायचे नाहीत, त्यांची टोकं तुटतात, असं गुरुदासने बजावलं होतं. लवूने ती पट्टी खणात टाकली आणि गुरुदासला पत्र घातलं. नवे पार्ट शिमग्याला पोस्टाने आले. तोवर मथुराचा खोकला परत सुरू झाला होता.

तरी ती नवा छाप कापायला बसली. जुन्याच्या खिडक्या मलम फासून फासून सैल झाल्या होत्या. या वेळी तिने कुंकू लावलं नाही. आधी फिल्मचा एक कोपरा तिरका कापला. “कोपरो उजवीकडे वर,” ती म्हणाली. “कोपरो पुसना नाय.” दिवसाला दोन खिडक्या व्हायच्या, कधी एक. खोकला आला की ती पातं बाजूला ठेवायची, थांबायची, परत घ्यायची. लवू नवी पट्टी करून बसला होता. एकोणीस खिडक्या झाल्या आणि ताप चढला. महादू गाडी घेऊन आला, तिला घाटावर न्यायचं ठरलं.

निघताना तिने छाप वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या टेबलाच्या खणात ठेवला.

“सात रवल्यो,” ती म्हणाली. “येवन कापतंय. तुमी हात लावू नकात.”

लवूने मान हलवली.

“तवसर मलम करून ठेवा.”

म्हणून तो फोन आला तेव्हा कानस घेऊन बसला होता.

अग्नी तिथेच दिला. दिवस घरी झाले. तेराव्याला महादू आला तेव्हा त्याच्याबरोबर मथुराची पिशवी होती. दोन लुगडी, फणी, तांब्या आणि एक मोठं खाकी पाकीट.

“ह्या काय?” लवूने विचारलं.

“अक्काचो फोटो, छातीचो. मरूच्या आदल्या दिसाक काढललो.” महादू जमिनीकडे बघत बोलत होता. “डॉक्टर माका बाजूक घेवन समजावी होते, फोटो उजेडाक धरून. अक्का खाटयेर पडान बघी होती. मगे माका खुणेन बोलावल्यान आणि म्हणाली, ह्यो फोटो टाकू नको, तेंका दी. बरो जाड आसा. छापाक होतलो.”

महादू गेल्यावर लवूने पाकीट उघडलं नाही. ट्रंकेवर ठेवून दिलं. दुकान उघडलं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि लोक घरी असतात, तेव्हा रेडिओ जास्त येतात. तो रेडिओ दुरुस्त करत राहिला. गिऱ्हाइकं आधी मथुराबद्दल दोन शब्द बोलायची आणि मग ‘ह्येच्यात खरखर येता’ म्हणायची. लवू दोन्हीला ‘बरा’ म्हणायचा.

आषाढात घरातल्या सगळ्याच वस्तूंना बुरशी धरायला लागली. फोटोला धरू नये म्हणून एका दुपारी त्याने पाकीट उघडलं आणि फिल्म पुसायला बाहेर काढली. जाड होती, ती बरोबर बोलली होती. त्याने ती खिडकीच्या उजेडाला धरली. फासळ्या, मधली कण्याची पट्टी, आणि एका अंगाला कललेलं हृदय. हृदय त्याला उजवीकडे दिसलं. तिचं तर डावीकडे होतं. समोरून बघतोय म्हणून, हे त्याला कळलं. त्याने फिल्म फिरवून मागून बघितलं. आता हृदय डावीकडे, जणू तो तिच्या पाठीशी उभा होता. ती पाठमोरी उभी होती तेव्हा उभा होता तसा.

तो तसाच बघत राहिला. फिल्म तीच, बाई तीच. उलटं काहीच नव्हतं, फक्त मागून बघितलेलं होतं.

मग त्याने फिल्म खाटेवर ठेवली, खण ओढला आणि जानेवारीतली पट्टी शोधून काढली.

पट्टी मागून बघितल्यासारखी झाली होती. मग ट्रान्झिस्टरही मागून बघितल्यासारखे बसवले तर? पालथे. पोट वर, पाय पाठीकडे वाकवून. तिन्ही पाय जिथे पडायला हवेत तिथेच पडले असते. बाकीच्या पार्टांना हात लावायचंच कारण नव्हतं.

ट्रान्झिस्टरचे पाय धातूचे असतात, जपून तापवलं की सुटतात. त्याने तिन्ही सुट्टे केले, चिमट्याने पाय वाकवले, पालथे ठेवले, सुईच्या टोकाने मलम लावलं, तवा तापवला. ठिपके चमकले. सगळं मिळून तासभर लागला असेल. सेल घालून त्याने बोंडी स्वतःच्या कानात बसवली.

पावसाचा आवाज इतका जवळ आला की तो दचकला. पन्हळीखालच्या हंड्यात पाणी पडत होतं ते वेगळं, झावळ्यांवरचं वेगळं. पलीकडे आनंदीबाई कुणाला तरी सांगत होती की भाकरी संपली, भात घे. सगळं लख्ख.

जानेवारीपासून एप्रिलपर्यंत ही पट्टी खणात होती. लवूने बोटांवर महिने मोजले नाहीत, पण ते मोजल्यासारखेच समोर उभे राहिले. तासाभराचं काम. तीन पार्ट पालथे घालायचे. तिला शिमग्याचे ढोल ऐकू आले असते. तिच्या बांगड्या ऐकू आल्या असत्या. आणि ती पाठमोरी उभी राहिली असती, तर...

बोंडी कानात होती. घरात कुणी नव्हतं. नाव घेतलं असतं तर त्याला स्वतःला तरी ऐकू आलं असतं, मथुराला कसं ऐकू आलं असतं ते कळलं असतं. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. बोंडी काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी आनंदीबाई कालवणाची वाटी घेऊन आली. लवू जेवतो की नाही हे बघायला ती काही ना काही घेऊन येतच असे. टेबलावरची पट्टी तिने पाहिली.

“झालो काय रे मथुराचो कान?”

“झालो.”

“बघू माका. माझेय कान आता बसलेत. गिऱ्हाइक सोलकढी मागता आणि मी शेंगदाणे नेवन घालतंय.”

लवूने तिच्या कानात बोंडी बसवली. आनंदीबाईने डोळे मोठे केले. तेवढ्यात तिच्या स्वयंपाकघरात कुणाच्या तरी हातून परात पडली.

“मेल्या, सगळी भांडी माझ्या कानात घातलंस!” ती ओरडली. मग स्वतःचंच ओरडणं ऐकून गप्प झाली आणि हळू आवाजात म्हणाली, “मी अशी बोलतंय? रोज?”

“रोज.”

“आणि तू बोल बघू कायतरी.”

“काय बोलू, काकी?”

“ह्यो तुझो आवाज?” ती म्हणाली. “मी समजा होतंय दांडगो आसात. हो तर बरो मऊ आसा रे.”

तिने बोंडी काढली, पदराने पुसली आणि टेबलावर ठेवली. “माका नको,” ती म्हणाली. “इतक्या वर्सांनी लोक काय बोलतत ता कळला तर खानावळ बंद करूक लागात.” पायरीवर जाऊन ती थांबली. “तिका व्हयो होतो ह्यो,” एवढं म्हणून ती गेली.

चतुर्थीला गुरुदास आला. मावशीच्या तसबिरीला नमस्कार करून तो काकांच्या टेबलाशी बसला. लवूने त्याला पट्टी दाखवली आणि पालथे ट्रान्झिस्टर दाखवले. मग कुणालाही न सांगितलेलं सगळं सांगितलं. स्पिरिट, पुसलेलं कुंकू, तीन महिने खणात पडलेली पट्टी.

गुरुदास भिंगातून बराच वेळ बघत राहिला. “काका, ह्या आमच्या सायबाकय सुचाचा नाय,” तो म्हणाला.

“माका जानेवारीत सुचाक व्हया होता.”

गुरुदासने भिंग खाली ठेवलं. मग त्याने खणातली वर्तमानपत्राची गुंडाळी उघडली. तिरका कोपरा बघितला, खिडक्या बोटाने मोजल्या. फिल्म उजेडाला धरली तेव्हा खिडक्यांतून बारीक बारीक उजेड त्याच्या शर्टावर पडला.

“काय हात होतो मावशीचो,” तो म्हणाला. “काका, नवी पट्टी तयार आसा, पार्ट आसत, मलमाची भुकटीय आसा. सात खिडक्यो तर आसत. मी कापून दितंय आताच. कोणाक तरी होतली.”

“नको.”

“माझो हात बरो आसा, काका. रोजचा काम आसा.”

“आसात,” लवू म्हणाला. “तिना सांगितल्यान, हात लावू नकात.”

त्याने फिल्म गुरुदासच्या हातातून घेतली, कोपरा उजवीकडे वर येईल अशी धरली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि खणात ठेवली. शेजारी भुकटीची डबी होती. तिचं झाकण घट्ट आहे ना ते बघितलं.

पहिला कान चालतो. दुसऱ्याची पट्टी तयार आहे. छापाच्या एकोणीस खिडक्या झाल्या आहेत. सात कापायच्या राहिल्या आहेत.